सात तुकड्यांची मूठ: पिना तुकडे जागेवर धरतात, फट मिटवत नाहीत

बार्शीच्या एका मित्राने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी पहिल्यांदाच सुरीला सात तुकड्यांची मूठ केली. पुढे पितळी बोल्स्टर, म्हणजे पात्याला लागून बसणारा तुकडा, मग लाल फायबरची चकती, शिसम, पुन्हा पितळ, म्हशीचं शिंग, फायबर आणि शेवटी शिसम. पहिल्या सुरीला क्लॅम्प आवळल्याबरोबर चकत्या सरकल्या. दुसरीला म्हणून सांध्यांत आतून धातूच्या पिना घातल्या, तर चकत्या सरकल्या नाहीत पण दोन सांध्यांत फटी राहिल्या. आणि पहिली सुरी दापोलीला मेव्हण्यांकडे दोन महिने राहून आली, तर आता पितळाची कड आणि लाकूड एका पातळीत नाहीत, नख अडकतं. त्यांचं विचारणं असं, की पिना किती घालाव्यात, किती जाडीच्या, आणि अरल्डाइटपेक्षा घट्ट धरणारं काही मिळतं का?

मालक, तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत आणि त्यांतलं एकही गोंदाचं नाही. तुकडे सरकणं ही जागेची अडचण आहे. फट ही तोंडांची, म्हणजे तुकडे एकमेकांना टेकतात त्या बाजूंची, किंवा पिनेच्या भोकाची. आणि नख अडकणं ही हवेची. तुम्ही तिन्हींवर एकच औषध शोधताय, म्हणजे जास्त पिना आणि जास्त घट्ट गोंद. त्यानं पहिली अडचण सुटेल, दुसरी वाढेल आणि तिसरी जशीच्या तशी राहील.

मी सोलापूरचा. मुठी करायला लागून एकोणीस वर्षं झाली. त्याआधी पूर्व भागात यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानात धोटे दुरुस्त करायचो. धोटा म्हणजे लाकडाचं अंग आणि दोन्ही टोकांना पोलादी टोक. एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसलं की टोकाच्या सांध्यावर कड उभी राहायची आणि ती कड ताण्याचे धागे तोडायची. लाकूड आणि धातू एकत्र बसवले की दोघं ऋतूप्रमाणे वेगवेगळे वागतात, हे मी तिथं शिकलो. मुठीत तेच आहे, फक्त सांधे जास्त.

आधी पिनेबद्दलचा गैरसमज काढूया. सांध्यातली पिन हा खिळा नाही. ती दोन तुकड्यांना एकमेकांकडे ओढत नाही, फक्त आडवं सरकू आणि फिरू देत नाही. ओला इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटच्या जातीचा गोंद, हा चांगला वंगण असतो. त्यात तुकड्यांची तोंडं समांतर नसतील तर क्लॅम्पचा सरळ दाब तिरका होतो आणि पाचर निसटावी तशी चकती बाजूला जाते. तुमच्या पहिल्या सुरीत चकत्या सरकल्या, त्यातच तोंडं बरोबर नसल्याची सूचना होती. दुसऱ्या वेळी पिनेनं सरकण्याची वाट बंद केली, तेव्हा तोच दोष फट होऊन दिसला. म्हणून मी पिनेच्या आधी तोंडांचं बोलणार आहे आणि जास्त वेळ तिथंच घालवणार आहे.

एक हिशेब बघा. २५ मिमी उंचीच्या तुकड्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ०.१ मिमीनं कमी घासलं गेलं. ०.१ मिमी म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी. डोळ्याला दिसत नाही. पण सहा सांध्यांत हा फरक एकाच बाजूला साचला तर मूठ जवळपास दीड अंशानं वाकते आणि ११० मिमीच्या मुठीत शेवटचा तुकडा मधल्या रेषेपासून एक-सव्वा मिलिमीटर बाजूला जातो. टँग म्हणजे पात्याचं मुठीत शिरणारं शेपूट. ते सरळ, मूठ वाकडी. मग तुम्ही क्लॅम्प आवळून ती सरळ करता आणि ताण सांध्यात कोंडून ठेवता. एखाद्या कडक उन्हाळ्यात तो ताण एखादा सांधा उघडून बाहेर पडतो.

तोंडं सपाट करायला मला काच लागते, दुसरं काही नाही. काचेच्या दुकानात १० मिमी जाडीचा फूटभर कातरणातला तुकडा मिळतो. त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवायचा, मेटलसाठी मिळतो तो, म्हणजे भिजून फाटत नाही; लाकूड घासायच्या आधी वरचं पाणी मात्र पुसून पूर्ण सुकू द्या. तुकडा हातात धरून घासला की मनगट डोलतं आणि तोंडाला पोट येतं. मध्ये उंच, कडेला उतरतं. आणि फट नेमकी कडेलाच दिसते. म्हणून काटकोनात रंधलेला एक जड ठोकळा काचेवर ठेवून तुकडा त्याला टेकवून घासा. ठोकळा आणि तुकडा दोन्ही बरोबर सरकले पाहिजेत. पितळाच्या आणि फायबरच्या पातळ चकत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं सपाट ठोकळ्यावर लावा आणि मग घासा. बोटाच्या दाबानं पातळ चकती वाकते, घासून सपाट दिसते आणि बोट उचललं की परत वाकडी होते.

घासण्याआधी तोंडावर मार्करनं जाळी काढा. चार-सहा फेऱ्यांनंतर शाई कुठं उरली ते बघा. उरली ती जागा खोल आहे. सगळी शाई एकदम जाऊ लागली की थांबा. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाची सुई दिसली तरी परत काचेवर. आणि एक तपासणी मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून ठेवा आणि वरच्याच्या एका टोकाला बोटानं हलकं ढकला. मध्ये पोट असेल तर तुकडा मधल्या बिंदूवर भिंगरीसारखा फिरतो. तोंडं सपाट असतील तर तो दुसऱ्या टोकाकडच्या भागावर अडखळत, जड जड फिरतो. हाताला हा फरक एकदा कळला की पुढे गुण्या फार वेळा काढावा लागत नाही.

काही जण तोंड मधून थोडं कोरून काढायला सांगतात, म्हणजे कडा घट्ट मिळतात. सुताराच्या जोडकामात ती चांगली रीत आहे. मुठीत मात्र जपून. तुमचा ठोकळा ३५ मिमीचा आणि तयार मूठ २५ ची असेल, तर घट्ट मिळालेली कड तुम्ही ग्राइंडरवर उडवून टाकणार आणि आतली कोरलेली पोकळी बाहेर येणार. कोरायचंच असेल तर टँगच्या खाचेभोवती दोन-तीन मिलिमीटर, त्यापुढे नाही.

आता शेवटचा घोटाळा असा की माणसं तोंड आरशासारखं करतात. इपॉक्सीला पकडायला खरखरीतपणा लागतो. सपाटपणा काचेचा आणि ओरखडे १२० नंबरचे, एवढंच पाहिजे. पितळाला तर चिकटवण्याच्या दिवशीच परत एकदा घासा. काल घासलेलं पितळ आज हवेनं चढलेल्या पातळ थराखाली झाकलेलं असतं.

पिना. तुमच्या मापाच्या मुठीला प्रत्येक सांध्यात दोन पिना, २ मिमी जाडीच्या, पुरतात. एक पिन फिरणं थांबवत नाही. तीन पिना घातल्या की तिन्ही जुळवताना तुम्ही भोकं मोठी करत बसता आणि मग एकही पिन कामाची राहत नाही. २ मिमीसाठी सायकलचा स्पोक घ्या. साधा स्पोक बहुधा २ मिमीचाच असतो, सरळ असतो आणि कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतो. विकत घेताना कॅलिपर लावा. वेल्डिंगच्या दुकानात टिग वेल्डिंगसाठी स्टेनलेसची फिलर रॉड मिळते, ती १.६ आणि २.४ मिमीत येते आणि गंजत नाही. पेटी नाइफला, म्हणजे स्वयंपाकाच्या छोट्या सुरीला, मी १.६ वापरतो. त्याहून जाड पिनेची गरज मला क्वचित पडली आहे, कारण या पिनांवर भार येत नाही.

मुठीची उंची रुंदीपेक्षा जास्त असते, म्हणून पिना टँगच्या वर आणि खाली बसवा, शेजारी नको. २५ मिमी उंचीच्या मुठीत टँग १० मिमी रुंद असेल, तर मधल्या रेषेपासून वरची पिन ८ मिमीवर आणि खालची ९ मिमीवर. हा एका मिलिमीटरचा फरक मुद्दाम ठेवायचा, म्हणजे गोंद लावलेल्या हातांनी घाईत चकती उलटी घातली तर ती बसणारच नाही. पिन आणि तयार मुठीचा पृष्ठभाग यांत तीनेक मिलिमीटर लाकूड राहिलं पाहिजे. मूठ मध्ये बारीक होणारी असेल तर आधी ठोकळ्याच्या बाजूवर तिचा आकार काढा आणि मग भोकाची जागा ठरवा. मी एकदा हे विसरलो आणि पॉलिशच्या वेळी शिसमातून स्टेनलेसचा ठिपका वर आला. ती मूठ फोडावी लागली.

भोकं जुळवण्याची माझी रीत सांगतो. ६ मिमी जाडीच्या पोलादी पट्टीची एक साचेपट्टी करून ठेवली आहे. मध्ये टँगच्या मापाची खाच, वर-खाली एकेक २ मिमीचं भोक. प्रत्येक तुकड्याला आधी टँगची खाच पाडतो, मग साचेपट्टी लावून पिलर ड्रिलवर भोकं. इथं एक गोष्ट ध्यानात आली की निम्मा त्रास संपतो. पिना पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एका रेषेत असण्याची काहीच गरज नाही. प्रत्येक सांधा स्वतंत्र आहे. शिसमाच्या ४० मिमी लांब ठोकळ्यातून २ मिमीचा ड्रिल आरपार सरळ जाईल अशी आशा धरू नका. तो लाकडाच्या मऊ रेषेमागे पळतो आणि दुसऱ्या बाजूला भलतीकडे निघतो. त्यापेक्षा दोन्ही तोंडांतून आठ-आठ मिलिमीटर खोल भोकं पाडा. मागच्या तोंडाला साचेपट्टी पलटी करून लावावी लागते, म्हणून पट्टीच्या एका बाजूला ‘पुढे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मागे’ असं पंचानं खोदून ठेवा. पेनानं लिहिलेलं आठ दिवसांत पुसतं.

पातळ चकत्यांची गोष्ट निराळी. त्यांतून पिन आरपार जायची आहे. फायबर-पितळ-फायबर अशी थप्पी असेल तर कडांना फेविक्विकचा थेंब लावून थप्पी एक करा, खाली-वर प्लायचे तुकडे ठेवून क्लॅम्प करा आणि एकदमच ड्रिल करा. नंतर अॅसिटोनमध्ये ठेवली की सुटते. पितळाची पातळ पट्टी ड्रिलखाली बोटांनी कधीच धरू नका. ड्रिल आरपार निघताना ती पकडतो, पट्टी पंख्यासारखी फिरते आणि बोट कापतं. हे मी जवळून पाहिलंय. पक्कडही नको, क्लॅम्पच.

एक तत्त्व एमआयडीसीतल्या टूलरूमवाल्यांकडून घेतलंय. जिगमध्ये, म्हणजे काम जागेवर धरणाऱ्या साच्यात, ते दोन्ही डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) पूर्ण गोल ठेवत नाहीत. एक गोल ठेवतात आणि दुसऱ्याच्या दोन बाजू घासून चपटा करतात. कारण दोन भोकांमधलं अंतर दोन तुकड्यांत तंतोतंत सारखं कधीच येत नाही. तुम्ही पिन चपटी करू नका, खालचं भोक सुईकानशीनं वर-खाली दिशेत अगदी जरासं लांबट करा. वरची पिन जागा पक्की करेल, खालची फक्त फिरणं थांबवेल. एवढं केल्यावर पिना ठोकून बसवाव्या लागत नाहीत, बोटानं बसतात. सांध्याच्या एका बाजूचं भोक पिनेच्या मापाचं, म्हणजे २ मिमी, आणि समोरचं २.१ ठेवा.

टँगच्या खाचेलाही हेच लागू आहे. बोल्स्टरची खाच टँगवर घट्ट पाहिजे, उजेड दिसता कामा नये. पण मागच्या सगळ्या तुकड्यांच्या खाचा अर्धा मिलिमीटर सैल ठेवा. त्याही घट्ट केल्या तर तुकड्याला टँग एकीकडे ओढणार आणि पिना दुसरीकडे. ती मारामारी तुम्हाला फट होऊन दिसणार.

तुमच्या दुसऱ्या सुरीतल्या दोन फटी. तोंडांचा दोष वर सांगितलाच; त्याशिवाय मला न बघता सांगायचं तर आणखी तीन शक्यता, आणि तिन्ही पिनेच्या भोकाशी आहेत. पहिली, बर. पितळात ड्रिल निघाला की भोकाभोवती बारीक ओठ उभा राहतो. तो कागदाच्या जाडीचा असला तरी अख्खा सांधा उचलून धरतो. प्रत्येक भोकाला दोन्ही बाजूंनी मोठ्या ड्रिलनं हातानं दोन गिरक्या देऊन कड मोडा, मग तोंड एकदा परत काचेवर फिरवा. दुसरी, भोक उथळ. दोन्हीकडचं मिळून १६ मिमी भोक आणि पिन १६ मिमीची, म्हणजे तळाशी भुशाचा कण असला तरी पिन टेकली आणि सांधा मिटला नाही. पिन दोन मिलिमीटर आखूड कापा. तिसरी शक्यता बहुतेकांच्या मनातच येत नाही. बंद भोकात गोंद भरला आणि वरून बरोब्बर मापाची पिन दाबली, की गोंदाला आणि हवेला बाहेर यायला वाट नसते. जॅकमध्ये तेल कोंडावं तसा तो कोंडतो आणि तुकड्याला परत ढकलतो. क्लॅम्प लावला तेव्हा मिटलेली फट सकाळी उघडी दिसली, तर कारण बहुधा हेच. स्पोकच्या एका बाजूनं कानस फिरवून लांबीभर चपटी पट्टी करा आणि गोंद भोकात ओतण्याऐवजी पिनेला चोपडा.

म्हणून गोंदाआधी एक कोरडी जुळणी. सगळे तुकडे, सगळ्या पिना, टँगसकट. दोन्ही हातांच्या दाबानं ट्यूबलाइटसमोर धरा. हाताच्या दाबानं जी फट मिटत नाही ती क्लॅम्पनं मिटवू नका, उकला आणि कारण शोधा. जुळलं की तुकड्यांच्या डोक्यावरून एक लांब तिरकी रेघ मारा आणि नंबर टाका. गोंद लागल्यावर कुठला तुकडा कुठला हे ती रेघच सांगते.

गोंदाबद्दल आता. साधं, हळू वाळणारं अरल्डाइट पुरेसं आहे. पाच मिनिटांवालं मुठीला नको. ते पाण्यापुढे आणि उष्णतेपुढे कमी टिकतं आणि सात तुकडे जुळवायला पाच मिनिटं पुरतही नाहीत. आपल्याकडे खरी अडचण तापमानाची. पाकिटावरची वेळ खोलीच्या साधारण तापमानाची असते, आणि ढोबळ हिशेब असा की दहा अंश वाढले की हातात मिळणारा वेळ निम्मा होतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४२-४३ अंशांत तुम्ही गोंद कालवला तर तिसऱ्या तुकड्यापर्यंत तो तारा धरायला लागतो. घट्ट झालेला गोंद सांध्यातून पिळून निघत नाही, जाड थर होऊन बसतो, आणि मग काळी रेघ. मी उन्हाळ्यात चिकटवण्याचं काम पहाटे करतो, नळाला पाणी येतं त्या वेळेला. कालवलेला गोंद वाटीत ढीग करून ठेवू नका, फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरा. ढिगात त्याची स्वतःचीच उष्णता वाढते आणि तो लवकर बसतो.

प्रत्येक तोंड लावण्याआधी अॅसिटोननं पुसा, शिसम तर दोनदा, त्यात तेलकटपणा असतो. दोन्ही तोंडांना पातळ थर द्या. पातं खाली, टँग वर असं वाईसमध्ये धरून तुकडे एकेक उतरवा, म्हणजे खाचेतली हवा वर निघून जाते. पात्यावर टेप लावा आणि बोल्स्टरच्या पुढच्या कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवा. क्लॅम्प म्हणून दोन पोलादी पट्ट्या आणि दोन आटे असलेल्या सळया. नट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा फिरवा, म्हणजे दाब मधून सरळ जाईल. चारी बाजूंनी गोंदाचा सारखा मणी आला की हात थांबवा. त्यापुढे आवळलात तर सांधा कोरडा पडतो. अर्ध्या तासानं परत येऊन बघा, कारण सरकायचं असेल तर ते याच वेळात सरकतं. मग २४ तास हात लावू नका.

सगळं टँगवरच चिकटवावं की मूठ वेगळी जोडून मग बसवावी, हे परिस्थितीवर आहे. पहिल्या दोन-तीन मुठींना मी दुसरी रीत सांगेन. टँगच्या मापाची एक पट्टी मेण लावून खाचेत घाला, बोल्स्टर सोडून बाकीची मूठ तिच्यावर जोडा, वाळली की पट्टी ओढून काढा आणि पुढचं तोंड परत काचेवर सपाट करा. चूक राहिली असेल तर ती फक्त मुठीत राहते, पातं वाचतं. टँगच्या मागे आटे पाडून नटानं मूठ आवळायची असेल तर मात्र सगळं टँगवरच जुळवावं लागतं.

घासताना उष्णता सांभाळा. इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो आणि पितळ उष्णता थेट सांध्यात नेतं. नवा बेल्ट, हलका हात, आणि हातमोजे न घालता. बोटाला सोसवेना की थांबा, पाण्यात बुडवा. लाल फायबरची आणि पितळाची भुकटी फिकट लाकडाच्या रंध्रात जाऊन बसते. शिसमात ती दिसत नाही, पण पुढे कधी फिकट लाकूड वापरलंत तर शेवटचा हात लांबीच्या दिशेनं न देता सांध्याच्या रेषेबरोबर द्या. शिसमाची आणि शिंगाची धूळ छातीला वाईट. तोंडाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या.

आता दापोलीहून आलेली सुरी. इथं मला तुम्हाला थोडं निराश करावं लागेल. २५ मिमीचं पितळ ३० अंशांनी तापलं तर दीड शतांश मिलिमीटर वाढतं, म्हणजे काहीच नाही. पण त्याच २५ मिमी लाकडातली ओल पाच टक्क्यांनी बदलली तर ते रेषांच्या आडव्या दिशेत पाव मिलिमीटरच्या आसपास फुगतं किंवा आकसतं. पंधरा-वीस पट. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घासून पितळाच्या पातळीत आणलेलं लाकूड कोकणच्या पावसाळ्यात पितळाच्या वर येणारच. याला कुठलाही गोंद किंवा पिन अडवू शकत नाही. शिंगही ओल घेतं आणि फायबर तर कागदाचंच केलेलं असतं.

कमी करता येतं. मी लाकडाचे ठोकळे कापून निदान सहा महिने घरात ठेवतो आणि किचनच्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी वजन करून ते ठोकळ्यावरच लिहितो. वजन हलायचं थांबलं की लाकूड कामाला घ्यायचं. शेवटची घसाई शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेव्हा हवा ना कोरडी ठणठणीत ना ओली. मग वर्षभरात होणारी हालचाल दोन्हीकडे अर्धी-अर्धी वाटली जाते आणि नखाला कमी लागते. आणि सुरी कोकणात जाणार हे आधीच ठाऊक असेल तर लाकूड आणि पितळ यांत फायबरऐवजी जी-१० ची चकती घाला. ती काच-तंतू आणि रेझिनची असते, पाणी घेत नाही. तिची धूळ मात्र शिसमापेक्षाही वाईट, ओली करून घासा. मूठ पूर्ण झाल्यावर पातळ तेलाचे चार-पाच हात द्या, प्रत्येकात एक दिवस सोडून. तेल ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करतं.

शिंगाविषयी एवढंच, की म्हशीचं शिंग वापरताय ते योग्य आहे. सांबरशिंगाच्या मागे लागू नका, कोणी जुनं आहे म्हणून देऊ केलं तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याचा व्यापार बंद आहे.

तुमच्या दोन सुऱ्यांचं काय करायचं? पहिलीला आत्ता काही करू नका. बार्शीच्या हवेत ती दोन-तीन महिन्यांत बरीचशी परत बसेल. दिवाळीच्या सुमारास नख फिरवून बघा आणि तेव्हाही लागत असेल तर ४०० नंबरनं हलका हात द्या. आत्ता ओल्या अवस्थेत घासून सारखी केलीत तर उन्हाळ्यात पितळ वर येईल. दुसरीच्या फटीत आधी केसाइतकी जाड तार घालून बघा किती खोल जाते. एक-दोन मिलिमीटरवर अडली तर वरून पातळ फेविक्विक सोडा, वरचा मणी वाळल्यावर घासा, सुरी वापरात आणा. तार टँगपर्यंत गेली तर आत पाणी जाणार आणि टँग गंजणार, मग मूठ उतरवावीच लागेल. पात्यावर ओलं फडकं गुंडाळून मुठीला हीट गननं हळूहळू गरम करा, सांधे मऊ पडले की तुकडे मागच्या टोकाकडून एकेक निघतील. शिंगाचा तुकडा बहुधा वाकेल, तो नवीन घ्या. बाकीचे पिनांसकट परत वापरता येतात, फक्त साच्यात बसवून भोकं तपासा.

आणि पुढच्या सात तुकड्यांच्या मुठीला हात घालण्याआधी बाभळीचे दोन टाकाऊ ठोकळे, पितळाची एक चकती आणि दोन स्पोक एवढ्यावर एकच सांधा करून बघा. वाळल्यावर तो मधून उभा कापा. गोंदाचा थर किती जाड आला, पिनेच्या टोकाशी जागा उरली का, हे कापलेल्या तोंडावर स्पष्ट दिसतं. त्याचा फोटो टाकलात तर पुढचं नेमकं सांगता येईल.